बिनसाबणाचे दूध : एका पांढऱ्या थेंबाचा इतिहास

१)
आजच्या थ्रेडमध्ये गडकोट नाहीत, तहनामे नाहीत आणि सनावळीही बेताचीच आहे. आज एका पांढऱ्या थेंबाचा इतिहास सांगायचा आहे. तो सांगताना थोडे माझ्या घरचेही सांगावे लागेल, कारण या थेंबाची आणि माझी पहिली भेट आईच्या आजारपणात झाली. थ्रेड लांब आहे; सवडीने वाचावा.

२)
मी तेव्हा बारावीत होते. आईच्या दोन्ही हातांची बोटे सकाळी उठल्यावर ताठरलेली असत आणि भाकरी थापताना तिच्या तोंडून नकळत कण्हणे निघे. तालुक्याच्या गावी एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिचे रक्त तपासायला दिले. तिथल्या काकांना माझ्या विज्ञान शाखेचे कौतुक होते, म्हणून त्यांनी मला टेबलापाशी बोलावले. काळ्या पट्टीवर त्यांनी आईच्या रक्तातून निराळा केलेला पिवळसर द्रव थेंबभर ठेवला, शेजारी एका कुपीतील दुधासारखा थेंब सोडला, काडीने दोन्ही एकत्र केले आणि पट्टी हलकेच डोलवू लागले.

३)
मिनिटा-दोन मिनिटांत त्या एकसंध पांढऱ्या रंगात बारीक कणी दिसू लागली. मागून डोकावणारी आई म्हणाली, "दूध नासलं वाटतं." काका म्हणाले, "वहिनी, ते नासलं म्हणूनच दुखणं कळलं." अहवालावर 'आर. ए. फॅक्टर : पॉझिटिव्ह' असे शब्द उमटले आणि आईचे पुढचे आयुष्य त्या शब्दांभोवती आखले गेले. कुपीत अर्थातच दूध नव्हते. ते लेटेक्स होते : पाण्यात तरंगणारे पॉलिस्टायरीनचे अतिसूक्ष्म गोल कण, एका थेंबात कोट्यवधी.

४)
ही तपासणी सिंगर आणि प्लॉट्झ या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९५६ साली मांडली. कणांच्या पृष्ठभागावर माणसाच्या रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन हे प्रथिन चिकटवलेले असते. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात नेमके याच प्रथिनाला पकडणारे प्रतिपिंड असतात. ते एका हाताने एक कण, दुसऱ्या हाताने दुसरा कण धरतात. कण एकमेकांत गुंततात, साकळतात, आणि जी गोष्ट रेणूंच्या पातळीवर घडली ती साध्या डोळ्यांना कणीच्या रूपाने दिसते. म्हणजे सारा निवाडा कणाच्या पृष्ठभागावर होतो. त्या पृष्ठभागावर आपल्याला नको असलेले काही आधीच बसलेले असेल, तर निवाड्याचे काय? आजच्या थ्रेडचा प्रश्न हा आहे.

५)
प्रथम 'सारख्या आकाराचे कण' या हट्टाकडे पाहू. १९०८च्या सुमारास पॅरिसमध्ये ज्याँ पेरँ अणूंच्या अस्तित्वाचा पुरावा शोधत होते. त्यांनी गॅम्बोज नावाची पिवळी राळ घेतली. ज्या झाडांपासून ती मिळते ती आपल्या कोकमाच्याच कुळातली. राळ पाण्यात घासली की तिचे गोल कण तयार होतात, पण लहान-मोठे सगळे सरमिसळ. पेरँ यांनी अपकेंद्री यंत्रात ते पुन्हा पुन्हा फिरवून आकारानुसार वेगळे केले. एक किलो राळेवर कित्येक महिने खपल्यानंतर हाती आले ते काही दशांश ग्रॅम, हवे तेवढ्या आकाराचे.

६)
त्या चिमूटभर कणांनी इतिहास घडवला. सुमारे ०.२१ मायक्रॉन त्रिज्येचे हे कण पाण्यात स्थिरावल्यावर उंचीनुसार विरळ होत जातात; साधारण ३० मायक्रॉन वर गेले की संख्या निम्मी. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) पृथ्वीभोवतीची हवा जशी वर विरळ होते, तोच नियम पाण्याच्या एका थेंबात दिसला आणि त्यावरून रेणूंची संख्या मोजता आली. १९२६ साली पेरँ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कण लहान-मोठे असते तर ही मोजणी शक्यच नव्हती.

७)
पेरँ यांनी महिनोन्महिने वेचून मिळवले ते पुढे अमेरिकेत अवचित घडले. दुसऱ्या महायुद्धात नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटल्यावर अमेरिकेने कृत्रिम रबराचे प्रचंड उत्पादन उभारले. त्याची पद्धत होती पायस बहुवारिकीकरण : पाण्यात साबण, त्यात तेलकट मोनोमर, आणि अभिक्रिया सुरू करणारे एक रसायन. मिशिगनमधील डाऊ कंपनीत १९४७ साली याच पद्धतीने पॉलिस्टायरीनचे एक लेटेक्स तयार झाले, ज्याची ओळख '५८०-जी' अशी उरली. मिशिगन विद्यापीठात बॅकस आणि विल्यम्स यांनी ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो सगळे कण जणू एकाच साच्यातून काढलेले, सुमारे ०.२६ मायक्रॉन व्यासाचे.

८)
सूक्ष्मदर्शकाला फूटपट्टी मिळाली. चित्रात विषाणूशेजारी हा कण दिसला की विषाणूचा आकार सांगता येई. १९४९ साली याच दोघांनी विषाणूचे द्रावण आणि माहीत असलेल्या वजनाचे लेटेक्स एकत्र फवारले, दोन्हींचे कण मोजले आणि टोमॅटोच्या एका विषाणूच्या एकेका कणाचे वजन काढले. माणसाने विषाणू अक्षरशः मोजून तोलला, आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात प्लास्टिकचे गोळे होते.

९)
आता साबणाकडे येऊ. साबण, डिटर्जंट यांना रसायनशास्त्रात पृष्ठसक्रिय द्रव्ये म्हणतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमते, दुसरे तेलात. कण तयार होताना हे रेणू त्याच्या अंगाला चिकटतात, त्याला विद्युतभाराचे कवच देतात आणि कण एकमेकांवर आपटून साकळणार नाहीत याची काळजी घेतात. साबण नसेल तर लेटेक्सचा गोळा होऊन भांड्याच्या तळाशी बसेल, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती.

१०)
पण याच काळात एक मोठा सिद्धांत पुराव्याची वाट पाहत होता. सोव्हिएत संघात डेरयागिन आणि लांडाउ यांनी १९४१ साली, तर नेदरलँड्समध्ये फर्वे आणि ओव्हरबेक यांनी १९४८च्या ग्रंथात, पाण्यातील सूक्ष्म कण कधी अलग राहतात आणि कधी साकळतात याचे गणित मांडले. युद्धामुळे दोन्ही बाजूंचे काम एकमेकांपासून स्वतंत्रपणे झाले. हे गणित तपासायचे तर कण गोल हवेत, एकसारखे हवेत आणि त्यांच्या पृष्ठभागावर किती भार आहे हे ठाऊक हवे. डाऊच्या कणांत पहिल्या दोन अटी पुऱ्या होत होत्या. तिसरीत साबण आडवा येत होता.

११)
साबण धुऊन काढावा, हा सरळ उपाय. तो करून पाहिला गेला आणि त्यातली अडचणही लक्षात आली. साबण कणाला नुसता चिकटलेला असतो, जोडलेला नसतो. त्यामुळे तो थोडा सुटतो, थोडा राहतो. किती राहिला हे नक्की सांगता येत नाही. आणि पुरता सुटलाच तर कवच गेल्यामुळे लेटेक्स साकळण्याची भीती. ज्याच्या आधाराने वस्तू घडली तोच आधार ती वस्तू पाहू देत नव्हता.

१२)
मार्ग निघाला तो मुळातच साबण न घालण्याचा. जपानमध्ये मात्सुमोतो आणि ओची यांनी १९६५ साली, आणि कोतेरा, फुरुसावा व ताकेदा यांनी १९७० साली बिनसाबणाचे एकसारखे पॉलिस्टायरीन लेटेक्स करून दाखवले. मग इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात रॉन ऑटेविल यांच्याभोवती जमलेल्या गटाने ही कृती पद्धतशीरपणे बांधून काढली. गुडविन, हर्न, हो आणि ऑटेविल यांचे १९७३ आणि १९७४चे शोधनिबंध आजही या विषयाचे आधारग्रंथ मानले जातात. कृती स्वयंपाकासारखी चार ओळींची : शुद्ध पाणी, स्टायरीन, थोडे मीठ, पोटॅशियम परसल्फेट, भांड्यातली हवा काढून नायट्रोजन भरायचा, साधारण ७० अंश सेल्सिअसला संथपणे ढवळत रात्रभर ठेवायचे.

१३)
साबण नाही, तर कण तग धरतात कशावर? उत्तर फार सुंदर आहे. गरम पाण्यात परसल्फेट फुटून सल्फेटचे क्रियाशील मूलक तयार होतात. पाण्यात किंचित विरघळलेल्या स्टायरीनला ते पकडतात आणि साखळी वाढू लागते. साखळीच्या टोकाला सल्फेटचा ऋण भार, बाकी अंग तेलकट. म्हणजे अभिक्रिया स्वतःच साबणासारखा रेणू घडवते. साखळी पुरेशी वाढली की ती पाण्यातून बाहेर पडते, इवले कण होतात, ते एकमेकांना मिळत जातात. पृष्ठभागावर पुरेसा भार गोळा झाला की हे मिळणे थांबते आणि कण स्थिरावतात. हा भार बाहेरून चिकटलेला नाही. तो त्याच साखळीचा अवयव आहे. धुतल्याने तो सुटत नाही.

१४)
आणि सगळे एकसारखे का होतात? कारण जन्माचा काळ अगदी थोडा असतो. सुरुवातीच्या काही मिनिटांत कणांची संख्या ठरते, त्यानंतर नवे कण जवळजवळ जन्मत नाहीत; जे आहेत तेच उरलेले स्टायरीन खात तासन् तास वाढतात. एकाच मुहूर्तावर जन्मलेली, एकाच पंक्तीत जेवलेली भावंडे आकाराने सारखी होणारच. ब्रिस्टलच्या गटाने आकाराच्या किल्ल्याही शोधल्या : मीठ आणि स्टायरीन वाढवले की कण मोठे, तापमान आणि परसल्फेट वाढवले की लहान. यातून साधारण ०.१ ते १ मायक्रॉनपर्यंत हवा तो व्यास आधी ठरवून मिळवता येऊ लागला.

१५)
आता पुन्हा माझे. एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषयांची यादी समोर आली, त्यात 'पॉलिस्टायरीन लेटेक्स' हे शब्द दिसले आणि आईची ती काळी पट्टी डोळ्यांपुढे उभी राहिली. मी दुसरे काही वाचलेच नाही. ब्रिस्टलची कृती घेतली, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा कण ठरवला. सकाळी प्रयोगशाळेत येऊन पाहते तर फ्लास्कमध्ये पाणी घातलेल्या दुधासारखा निळसर द्रव. कण फार लहान असले की प्रकाशातला निळा भाग अधिक विखुरतो. म्हणजे माझे कण हवे त्यापेक्षा कितीतरी लहान झाले होते. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मीठ तपासले, तापमापी बदलला, स्टायरीन पुन्हा ऊर्ध्वपातित केले.

१६)
शेवटी सर येऊन उभे राहिले. वहीकडे त्यांनी पाहिलेही नाही.
"फ्लास्क कशाने धुतलास गं?"
"लिक्विड सोपने, सर."
"आणि मग?"
"नळाखाली धरला."
सर हसले. "म्हणजे बिनसाबणाच्या कृतीत पहिला घटक तू साबणच घातलास."
साबणाचा अंश राहिला की इवल्या कणांना आयते कवच मिळते, ते एकमेकांत मिळायचे थांबतात, संख्या वाढते आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच स्टायरीन येते. म्हणून कण लहान. माझी चूक वहीत कुठेच नव्हती, कारण भांडी घासणे ही नोंदवायची गोष्ट आहे असे मला वाटलेच नव्हते.

१७)
त्यानंतर मी भांडी घासायला शिकले. फ्लास्क, ढवळायची दांडी, नळ्या, सगळे आम्लाने धुऊन ऊर्ध्वपातित पाण्याने दहा-दहा वेळा विसळायचे. चौथ्या खेपेस सकाळी फ्लास्कमध्ये चिनी मातीसारखे दाट पांढरे लेटेक्स होते. ते काचलोकरीतून गाळले, लांबट अर्धपार्य पिशवीत भरले आणि पाण्यात सोडले. रोज पाणी बदलायचे. स्टायरीनचा उग्र वास हळूहळू उतरत गेला.

१८)
तरीही पृष्ठभाग स्वच्छ झाला असे म्हणता येत नाही, हे व्हॅन्डरहॉफ आणि व्हॅन डेन हल यांनी १९७०च्या आसपास दाखवून दिले होते. त्यांनी आयन-विनिमय रेझिनचे मणी वापरले. हे मणी नको ते आयन ओढून घेतात आणि प्रत्येक सल्फेटच्या जोडीला फक्त हायड्रोजन आयन उरतो. मग अल्कली थेंबाथेंबाने घालत पाण्याची विद्युतवाहकता मोजली की पृष्ठभागावरचे गट मोजता येतात. गंमत अशी की रेझिनमधूनच काही द्रव्ये झिरपून कणांवर बसतात. म्हणून वापरण्यापूर्वी रेझिनच आलटून पालटून आम्लाने, अल्कलीने आणि गरम पाण्याने धुवावे लागते. धुणाऱ्यालाच आधी धुवायचे. माझा जवळजवळ एक महिना त्यात गेला.

१९)
त्या महिन्याचे फळ एका संध्याकाळी मिळाले. रेझिनवर ठेवलेली बाटली खिडकीपाशी होती. तिरप्या उन्हात काचेलगत हिरवी, तांबूस झाक चमकली आणि बाटली फिरवताच रंग बदलले. रंग काहीच घातला नव्हता. पाण्यातले आयन निघून गेले की कणांमधील प्रतिकर्षण दूरवर पोहोचते, ते सारख्या अंतरावर रांगा लावून उभे राहतात, आणि त्या रांगांवरून परतणारा प्रकाश रंग दाखवतो. ओपल या रत्नाचे रंगही असेच, सिलिकाच्या एकसारख्या गोळ्यांच्या रांगांमुळे दिसतात, हे १९६४ साली ऑस्ट्रेलियात उलगडले होते. कण असमान असते तर रांगा जमल्या नसत्या. पाणी अशुद्ध असते तर प्रतिकर्षण पोहोचले नसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची पाळी मिळायला मला आणखी तीन आठवडे थांबावे लागले. तिथे शेकडो कणांचे व्यास मोजून वहीत लिहिले. पण माझ्यापुरता निकाल त्या संध्याकाळी लागला होता.

२०)
इतिहासाची आवड असलेल्या तुम्हा मंडळींना हे का सांगते आहे? तुम्ही बखर वाचता तेव्हा मूळ मजकूर कोणता आणि नंतर कोणी घातलेला प्रक्षिप्त भाग कोणता, हे विचारता. राजवाड्यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापताना बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला तो याचसाठी. बखरीतली भर लबाडीनेच घातलेली असते असे नाही. पुष्कळदा तिच्यामुळेच गोष्ट टिकून आपल्यापर्यंत येते. साबणही असाच टिकवणारा होता. पण ज्या दिवशी कणाच्या अंगावर नेमके काय आहे असा प्रश्न पडला, त्या दिवशी टिकवणाऱ्यालाही बाजूला काढणे भाग पडले.

२१)
प्रयोगशाळेच्या इतिहासात हे काम सहसा दिसत नाही. पेरँ यांचे नोबेल दिसते, त्यामागे फिरत राहिलेले अपकेंद्री यंत्र दिसत नाही. सिद्धांताची नावे पाठ होतात, तो तपासता यावा म्हणून भांडी, पाणी, रेझिन धूत बसलेल्यांची नावे शोधनिबंधाच्या कृतीविभागात अडकून राहतात. माझी विनंती एवढीच, की विज्ञानाचा इतिहास वाचताना तो कृतीविभाग ओलांडून पुढे जाऊ नका. कशाने धुतले, किती वेळा धुतले, हेही साधनच आहे.

२२)
प्रकल्प संपल्यावर मी एक लहान कुपी घरी नेली. आईची बोटे तोवर बरीच वाकली होती. भाकऱ्या वहिनी करू लागली होती. मी कुपी तिच्या तळहातावर ठेवली आणि उन्हात धरायला सांगितली. तिने ती दोन्ही हातांनी सांभाळून धरली, डोळ्यांजवळ नेली, फिरवून रंग पाहिले. मग म्हणाली, "हे नाही ना गं नासायचं?" मी म्हटले, "जपून ठेवलं तर नाही." देवघराशेजारच्या कोनाड्यात, जिथे थेट ऊन येत नाही, तिथे तिने ती ठेवली. पुढे कित्येक वर्षे आल्यागेल्याला ती कुपी दाखवायची आणि सांगायची, "हे आमच्या हिनं केलंय. साबण न लावता."

थ्रेड समाप्त. शंका असतील तर खाली जरूर विचारा.